खुर्चीचा डावा हात

व्हार्निशला घाई चालत नाही. डबा हलवायचा नाही, काडीनं हळूच ढवळायचा. ब्रश डब्याच्या काठावर निपटायचा नाही, फेस होतो. थर पातळ द्यायचा आणि शेवटी ब्रशचं नुसतं टोक एकाच दिशेनं फिरवायचं. कागलच्या एमआयडीसीतली नोकरी सांभाळून रविवारी मी हे करत आलो. माझ्या कामात बुडबुडा सापडणार नाही, असं अभिमानानं सांगायचो.

या उन्हाळ्यात अक्कानं आईची सागवानी खुर्ची मागितली. अर्धांगानं वाचा गेल्यावर आई दिवसभर तीतच बसायची. काही हवं असलं की डाव्या हातातल्या अंगठीनं खुर्चीच्या हातावर ठोकायची.

"गडहिंग्लजला न्हेतो मी ती. जरा नीट करून ठेव की," अक्का फोनवर म्हणाली.

घासली, पुसली, पहिला थर दिला. काचेसारखा बसला. चहा पिऊन आलो तर खुर्चीच्या डाव्या हातावर बुडबुडे. ब्रशचे बुडबुडे तिथल्या तिथं दिसतात. हे मागाहून, आतून वर येत होते. बघता बघता एक फुगला आणि फुटला. बाकी खुर्ची स्वच्छ. वाळल्यावर पुन्हा घासली, उन्हातून सावलीत घेतली, नवा थर दिला. पुन्हा तिथंच, जिथं अंगठी लागायची. भरदुपारी, घरात मी एकटा, आणि कुणीतरी जवळच श्वास सोडतंय असं वाटून अंगावर काटा आला.

अक्का टेम्पो घेऊनच आली. वाकून तिनं बघितलं.

"ठोकून ठोकून हितलं पॉलिश गेलंय, दुसरं काय! लाकूड हवा सोडतंय. तू का रं भूत बघितल्यागत करतोयस?" ती हसली. मग हळू आवाजात म्हणाली, "पर बरं झालं बघ. झोपेत गेली बिचारी."

हे मीच सगळ्यांना सांगितलं होतं.

"झोपेत नाही गेली, अक्का."

वाकलेली ती सरळ उभी राहिली.

"मी आतल्या खोलीत टीपॉयला व्हार्निश मारत होतो. धूळ नको म्हणून दार लावलेलं, पंखा बंद. ती ठोकत होती. अर्ध्यात सोडलं तर थरात जोड दिसतो. म्हटलं, एवढा थर संपवतो नि जातो."

"किती येळ ठोकत हुती?"

"बराच. मग जोरात. मग थांबली." हे पुढचं मी बायकोलाही कधी बोललो नव्हतो. "थांबली तेव्हा मला बरं वाटलं. टीपॉय पुरा करूनच गेलो."

अक्का रडली नाही. पदर खोचला.

"खुर्ची टेम्पोत घालूया."

"अजून ओली आहे."

"असू दे."

मी उचलायला वाकलो.

"तू न्हाय," ती म्हणाली. "तू हात लावू नगंस. डायवरला बोलीव."