कानातला बिल्ला
गाईंचा विमा उतरवणाऱ्या एजंटाने मला फसवलं. टिंचरचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. नव्वदच्या दशकात पंचवटीत माझं फुलांचं दुकान होतं, आणि झेंडूच्या ढिगाशेजारी झोपणारी एक छोटी पॉमेरियन कुत्री. ती आजारी पडली तर खर्च मिळेल का, एवढंच मी त्याला विचारलं होतं. "मिळेल की, शेठ. गाईसारखा कानात विम्याच्या नंबराचा बिल्ला मारू." "एवढ्याशा कानात?" बायको म्हणाली. मी मात्र घासाघीस करून हप्ता कमी करून घेतला आणि तो बिल्ला मारत असताना खुशीत कुत्रीला धरून बसलो. आठवड्यात कान सुजला, पू झाला, ताप चढला. डॉक्टर टिंचर लावत होते, ती माझ्या मांडीवर थरथरत होती आणि मी फोनवर एजंटाच्या हातापाया पडत होतो. तो म्हणाला, "आजारपण यात बसत नाही, शेठ. मेली तर बिल्ल्यासकट कान कापून आणा, लगेच पास करतो." पहाटे ती गेली. कान मी कापला नाही, बिल्ल्यासकट तिला पुरलं. तो एजंट आता साहेब झालाय म्हणे. त्याने माझ्या बायकोसमोर बसावं आणि एवढंच सांगावं, तो बिल्ला मारला नसता तर कुत्री आजारी कशाने पडली असती?