कमलताईंच्या पंचाहत्तरीला मी दाराबाहेर

कमलताई गव्हाणे यांची आणि माझी ओळख चिकलठाण्याच्या शाळेतली; ताई तिथं शिकवायच्या. मी सातवीत होतो आणि एका राजावर नाटक लिहिलं होतं. राजा दीड पान एकटाच बोलत होता. ताईंनी ते वाचलं नाही. वर्गातल्या एका मुलाला मोठ्यानं बोलायला लावलं आणि मला डोळे मिटून ऐकायला सांगितलं. अर्ध्या वाटेवर त्याला धाप लागली. "तुझ्या राजाला कुणी पाणी देणार का नाही?" ताईंनी विचारलं. तेव्हापासून मी त्यांचा शिष्य.

नाटक लिहू पाहणाऱ्या मुलांना ताईंनी कधी व्याख्या शिकवल्या नाहीत. पुंडलिकनगरातल्या त्यांच्या गच्चीवर रविवारी आजही तेच चालतं. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं बोलायचं, लिहिणाऱ्यानं ऐकायचं. मग ताईंचा एकच प्रश्न, "हे कोण बोलतंय?" माणूस दिसला नाही तर वाक्य खोडायचं, तेही लिहिणाऱ्यानंच. मुलांच्या वाक्याला ताई स्वतः पेन लावत नाहीत. "नाटकं करून पोट भरतं व्हय?" म्हणत वडिलांनी मला घरी बसवलं, तेव्हा ताई आमच्याकडे आल्या, त्यांच्याशी ज्वारीच्या भावावर बोलत बसल्या आणि उठताना म्हणाल्या, "रविवारी पाठवा त्याला." वडिलांनी पाठवलं.

एवढं शिकून मी काय दिवे लावले, ते या गौरवग्रंथात लिहिताना लाज वाटते. पण ताईंविषयी खरं लिहायचं तर ते टाळता येत नाही.

पंचाहत्तरीच्या या सोहळ्यात छावणी भागातल्या आयेशाचं नाटक करायचं ठरलं, आणि ते बसवायचं माझ्याकडे आलं. गच्चीवर येणारी सहावीतली पोर. नाटकात दोन बहिणी आणि एकच सायकल. धाकटी म्हणते, "रोज तूच नेती. मी काय पायी पायी मरू?" मोठे पाहुणे येणार, म्हणून मी शहाण्यानं आयेशाला न विचारता ते बदललं: "तू दररोज सायकल नेतेस. मी किती चालायचे?" तालमीला ताई आल्या. ऐकून त्यांनी आयेशाला विचारलं, "बाळा, हे कोण बोलतंय?"

"सरांची बहीण असंल," आयेशा म्हणाली.

पोरी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयेशानं नाटकाचे कागद उचलले, "मला नाय करायचं" म्हणाली आणि घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी गुडघे दुखत असतानाही ताई तिच्या घरी गेल्या. मागोमाग मी. मी माफी मागितली. तिच्या अम्मींनी चहा दिला, "जाने दो सर, बच्ची है" म्हणाल्या, तेव्हा तर माझी मान वर होईना. आयेशा ताईंना म्हणाली, "करते मी, तुमच्यासाठी. पण सर आत नाय पायजे."

वाटलं, ताई माझ्या वतीनं दोन शब्द बोलतील. त्या म्हणाल्या, "बरं. सर बाहेर बसतील."

परतताना रिक्षात "नाटक तिचं आहे, रवी," एवढंच त्या म्हणाल्या.

म्हणून आपण सारे सभागृहात नाटक बघत असाल, त्या वेळी मी दाराबाहेर असेन, आणि ते योग्यच आहे. ताईंना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे साथ देवोत, कान असेच तिखट राहोत. गच्चीवर अजून पुष्कळ पोरं यायची आहेत, आणि माझ्यासारख्या शिष्यांपासून त्यांना सांभाळायला ताईच हव्यात.