गिअर बॉक्समधली केळी

काळ्या पडलेल्या केळ्यांचा वास आला की अजूनही मी नाकाला पदर लावते. पंचाहत्तरच्या सुमारास दादाने अकोल्याहून एक जुनी विलायती मोटार भाड्याने चालवायला आणली. तिचे गिअर आपोआप बदलायचे, पण ते बिघडल्यावर वाशीमकडे कुणालाच दुरुस्त करता येईना. म्हणून दादाने स्वस्तात जीपचा जुना गिअर बॉक्स आणि क्लच बसवून घेतला. तो बॉक्स विकला केनवडच्या मामाने, आईच्या सख्ख्या भावाने. “भाच्याले फसवीन काय मी?” म्हणत तो पोटभर जेवून गेला. गाडी आठवडाभर बिनआवाज चालली. मग कळा सुरू झालेल्या शेजारणीला दवाखान्यात नेताना मेडशीजवळ गिअर अडकले आणि ती भर उन्हात, रस्त्याकडेला, माझ्या हातांवर बाळंत झाली. दोघं वाचली, एवढंच. घरी दादाने बॉक्स उघडला, तर तेलात केळ्यांचा लगदा आणि लाकडाचा भुसा! झिजलेल्या दात्यांचा आवाज दाबायला कोंबलेला तो आंबलेला, चिकट काळा गोळा पाहून दादा तिथेच ओकला. पुढे मामा आला, जेवायला बसला आणि विचारल्यावर खदखदून हसला, “अरे, इकताना सारेच घालतात!” बोटं भाजीत बुडालेलीच होती. आईने त्याच्यापुढचं ताट उचललं. “ऊठ. तुह्याकडं पाहून मले मळमळून राह्यलं.” त्यानंतर आई माहेरी कधीच गेली नाही. तिने काय सोडलं होतं, ते मला लग्नानंतर, स्वतःला माहेर झाल्यावर कळलं.