घमेल्यातला गोटा

भीमसिंग यांना त्या मठावर कोणी नेमलेलं नाही. उमरखेडच्या पुढे दरीत उतरणाऱ्या पायऱ्यांच्या माथ्यावर त्यांचं शेत आहे आणि खाली, नाल्यापलीकडे, जुन्या मठाच्या अकरा दगडी खोल्या. खाली जाणाऱ्याने त्यांच्या घमेल्यात एक गोटा टाकायचा आणि वर आल्यावर स्वतःच्या हाताने काढायचा, एवढाच त्यांचा नियम. त्यांचे आजोबा बैलांवर माल लादून गावोगाव नेत. तळावरचे बैल ते असेच मोजत. भीमसिंग आता बासष्ट वर्षांचे आहेत. त्यांना लिहिता येत नाही.

गेल्या भाद्रपदात आमच्या पतसंस्थेची सहल तिथे गेली. यादी माझ्याकडे होती. साडेपाचला बसमध्ये हजेरी घेतली, तेवीसच्या तेवीस भरले. स्वयंपाकाचा टेम्पो भांडी घेऊन आधीच निघाला होता. वरच्या डोंगरात पाऊस काळा दिसत होता आणि परतीच्या वाटेवर रपटा, म्हणजे पाण्याखाली जाणारा ठेंगणा पूल, ओलांडायचा होता.

भीमसिंग घमेलं घेऊन बसच्या दाराशी आले.

"सायेब, एक मानूस खालीच हाये."

"कोणीतरी गोटा काढायचा विसरला असेल," मी यादी दाखवत म्हणालो.

"विसरला असन तं बरंच हाये. पाहून येतो."

ड्रायव्हर तारिकने खिडकीतून डोकं काढलं. "चाचा, पुढचा रपटा बुडला तं रात इथंच काढा लागन. एका गोट्यापायी?"

"मंग हाक गाडी. मी कुठी धरून ठेवली?" म्हणत ते पायऱ्या उतरलेसुद्धा.

मी पायऱ्यांपर्यंत गेलो. दुपारी घोट्याएवढं असलेलं नाल्याचं पाणी आता गढूळ होऊन त्यांच्या मांडीला लागत होतं. काठी टेकत ते पलीकडे पोचले. पहिल्या खोलीत शिरले, बाहेर आले. दुसरी. तिसरी. बसमधून हॉर्न वाजला.

त्यांच्या पत्नी हंसाबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "सायेब, ते भांडेवाली बाई कोन्या गाडीत बसली? दुपारी माह्याकडं पानी प्याले आलती."

मथुराबाई. यादीत त्यांचं नाव नव्हतं. त्या स्वयंपाकवाल्याबरोबर भांडी घासायला आलेल्या. मी टेम्पोवाल्याला फोन लावला.

"मथुराबाई?" तो म्हणाला. "ते तं तुमच्या बसमंदी हाये ना?"

भीमसिंग सातव्या खोलीत शिरले होते. ते बाहेर येईनात. तारिक माझ्यामागे कधी आला कळलं नाही. त्याने फोनवरचं ऐकलं, मागे वळला आणि बसच्या टपावरचा दोर घेऊन धावत खाली उतरला.

भीमसिंग दिसले तेव्हा मथुराबाई त्यांच्या पाठीवर होत्या. तारिकने दोराचं एक टोक झाडाला बांधलं, दुसरं पलीकडे फेकलं आणि मधला दोर स्वतः धरला; भीमसिंग यांनी ते टोक कमरेला बांधलं. मधोमध पाणी भीमसिंग यांच्या कमरेपर्यंत चढलं. एकदा त्यांचा पाय सरकला, तेव्हा दोर ताठ झाला आणि तारिक चिखलात बसला, पण त्याने दोर सोडला नाही.

वर आल्यावर मथुराबाई पायरीवर टेकल्या. "भांडे घासून झाले, म्हटलं पाहून येऊ. पाय मुरगळला. लय आवाज देल्ले. वाटलं, आपली कोन याद ठेवते."

भीमसिंग यांनी घमेलं त्यांच्यापुढे धरलं. "काढ बाई."

"आता कायले?"

"तूच टाकला ना? मंग तुह्याच हातानं काढ."

त्यांनी गोटा उचलला. मग भीमसिंग यांनी घमेलं पालथं घातलं आणि तारिकला म्हणाले, "पळ आता. रपटा काही तुह्यासाठी थांबत नाई."