पत्र्याला काय सांगू?

माझी सासू गोदूबाय कुंपणाशी बोलते, हे लग्न ठरवताना मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी माहेरच्या धसईच्या बाजारापलीकडे पाऊल टाकलं नसतं!

कुंपण म्हणजे आमची मोगली एरंडाची वई. अलीकडे आम्ही, पलीकडे सासूची धाकटी जाऊ हौसाबाय. घरं वेगळी झाली तेव्हा पाटा एकीकडे गेला, वरवंटा दुसरीकडे, आणि दोघींनी बोलणं टाकलं. म्हणजे एकमेकींशी. वईला मात्र सांगतात.

"वईबाय, सांग गो तिला, तिची कोंबडी माझ्या वालात शिरली."

पलीकडून लगेच, "वईबाय, तिला सांग, वाल राखायला डोळे दिलेत ना देवानं?"

असं दिवसभर. कुणाच्या कालवणात मीठ जास्त, कुणाची सून आळशी (ती मी!), सगळं त्या वईच्या कानावर. एकदा सासू तापानं पडली, तर हौसाबाय वईपाशी येऊन ओरडत होती, "वईबाय, तिला सांग, पेज पी म्हनावं. सोंगं पुरे झाली!"

यंदा थंडी कडक पडली. वई दरवर्षी पानं गाळते नि होळीला पुन्हा फुटते, पण यंदा लवकरच नुसत्या काठ्या उरल्या. हौसाबायचा लेक भगीरथ म्हणाला, "होळीपर्यंत फुटली नाय तर पत्रे ठोकतो. बकऱ्या शिरतात."

सासूच्या तोंडचं पाणीच पळालं. "पत्र्याला काय सांगू मी?" असं म्हणाली आणि खरंच रडली. मला हसू येत होतं, पण तिचा चेहरा बघून ते गिळलं.

मग औषधपाणी सुरू झालं. राख टाकली, शेणपाणी घातलं. वई काही दाद देईना. उलट काठ्या शेंड्याकडून काळ्या पडत चालल्या. मी म्हटलं, "आई, ती गेली आता." तर माझ्यावरच उखडली, "तुझ्या जिभेला हाड हाय का?"

होळीच्या सकाळी मी अंगण सारवत होते. सासू पदराआड टोप लपवून मागच्या दारानं निघाली. मी कशाला सोडते! गेले मागोमाग. टोपात खारे बांगडे धुतलेलं पाणी! बोंबील धुतलेल्या पाण्यानं तिचा दुधीचा वेल फोफावतो, म्हणून वईला हे. आणि बांगडा तर मिठानं पांढराफटक.

सासू वईच्या मुळाशी वाकली आणि तशीच थबकली. पलीकडून हौसाबाय वाकलेली. तिच्याही हातात टोप. वासही तोच. आडोशाला एक पान उरलं नव्हतं. दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघतच राहिल्या.

"कवापासून घालतेस गो?" सासूनं विचारलं. वईला नाही, तिला.

"पानं गळली तवापासून. तू?"

"मी पन."

"मग आपन दोघींनीच मारली की गो हिला!" हौसाबाय म्हणाली आणि हसता हसता खालीच बसली. सासूला तर ठसका लागला. मी पाणी आणायला धावले. परत येते तो आवाज चढलेले.

"वरवंटा माझ्या आईनं दिलेला!" सासू म्हणत होती.

"आन पाटा काय आभाळातून पडला?"

तेवढ्यात भगीरथ टेम्पोतून पत्रे घेऊन आला. मापाची टेप काढून म्हणाला, "मोठी आई, जरा बाजूला हो."

सासूनं त्याच्या हातातली टेपच काढून घेतली. "पत्रे गोठ्यावर टाक तुझे. इथं आमी नव्या काठ्या खोवतो. मदी मानूस जाईल एवढी जागा सोडून."

भगीरथ आपल्या आईकडे वळला. "आई, अगं, बकऱ्या शिरतील ना तिथून!"

"शिरू दे," हौसाबाय म्हणाली. "एवढ्या वर्षांचं भांडन तुंबलंय माझं. आन मला आता लांबून ऐकू येत नाय."