मध्यंतराला न सापडणारा वेंडेल

वेंडेल ओस्टरमन सामन्याच्या मध्यंतराला जागेवर सापडेल तर शपथ. शिट्टी झाली की त्याचे पाय त्याला न विचारता उठत आणि प्रेक्षकांच्या स्टँडखालच्या बोळात येरझाऱ्या घालत. एके काळी तो ह्याच कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक होता. चेंडू आधी त्याच्या हातात यायचा आणि त्याबरोबर अख्ख्या गावाचा जीवही. मध्यंतर म्हणजे आतल्या खोलीत खांद्यावर बर्फ धरून कोचच्या शिव्या खायच्या. बाहेर बँड वाजतो म्हणे, एवढंच त्याला ठाऊक.

शेवटच्या वर्षी तो खांदा निखळला आणि मोठ्या संघांची बोलणी आली तशी विरली. मग वेंडेलने ट्रक विकले, विमा विकला, शाळेतल्या पोरांना खेळ शिकवून पाहिला. कुठे म्हणून बूड टेकलं नाही. शेवटी मक्याच्या शेतांत पाणी फिरवणारी लांबलचक यंत्रं दुरुस्त करायचं काम त्याला मानवलं, कारण त्यात दिवसभर भटकता येतं. नेब्रास्कात भटकायला जागेची वाण नाही.

त्याची लेक टेस कॉलेजच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. इतकी वर्षं वाजवतेय, पण बापाने तिला मैदानावर एकदाही पाहिलेलं नाही. आज तिचा शेवटचा सामना, आणि मध्यंतरातली एक धून एकटीने वाजवायची. सकाळी ती आईला म्हणाली, बापाला ऐकू जाईल अशा बेताने, "बाबांना सांग, बसवत नसेल तर येऊच नका. तुझ्या शेजारची रिकामी जागा बघत वाजवायचा कंटाळा आलाय मला."

हे त्याला फार लागलं. तरी शिट्टी झाली आणि तो उठलाच.

"बस खाली," बायको, कोरिन, म्हणाली.

"पाय आखडलेत गं. दोनच मिनिटं."

"तुझी दोन मिनिटं लग्नापासून चाललीत."

वेंडेल बसला. आत कुणीतरी आपली वाट बघतंय, आपण काहीतरी बुडवतोय असं वाटून जीव कासावीस झाला. धड बसताही येऊ नये याची त्याला लाज वाटली.

तेवढ्यात गस, त्याच्या संघातला जुना गडी, नेमका समोर येऊन उभा राहिला. "चल की लेका खाली. पोरं जमलीत. ओहायोवाल्यांना कसं लोळवलंस ते ऐकायचंय त्यांना."

पाय निघालेच होते.

"सरक गस," वेंडेल म्हणाला. "पोर दिसत नाहीये."

गस बिचारा सरकला. मैदानाच्या मधोमध टेस एकटी पुढे आली होती. तिने सवयीने आईकडे पाहिलं, शेजारी बाप दिसला, आणि तिचा पहिलाच सूर घसरला. सगळ्या स्टँडला ऐकू आला.

कोरिनने डोळे मिटले. वेंडेल मात्र हलला नाही. भर मैदानात चूक झाल्यावर काय होतं, ते त्याच्याइतकं तिथे कुणाला कळणार होतं?

"गेला तो गेला," तो पुटपुटला. "पुढचा घे, बाळा."

तिने पुढचा घेतला.