छपरीच्या भिंतीवरची वाट

आमच्या गावात माझ्या भिंतीसारखी दुसरी भिंत नाही. हे मीच म्हणते आणि मोठ्यांदा म्हणते. माझ्या तोंडून ऐकायला कुणाला जड जात असेल तर त्याने येऊन बघावं आणि मग स्वतःच्या तोंडाने म्हणावं.

लालबर्राच्या रस्त्यावरून थोडं आत आलं की आमचं गाव लागतं. स्वयंपाक आटोपला, नवरा राइस मिलवर गेला की मी चालायला निघते. बांधावरून टेकडी, टेकडीवरून सागाच्या जंगलाची कड, तिथून खाली नाला आणि शेवटी वैनगंगा. नुसतं चालायचं. सरपण आणायचं नाही, मोहफुलं वेचायची नाहीत, कुणाकडे निरोप द्यायचा नाही. बाईमाणूस काम नसताना एवढं चालतं हे आमच्याकडे कुणाच्या पचनी पडत नाही. सासूबाईंच्या तर मुळीच पडत नव्हतं.

"काहून हिंडत राह्यते वं इतकी?" त्या विचारायच्या. मला सांगता यायचं नाही. चालताना जे वाटतं ते घरी येईपर्यंत शब्दांत टिकत नाही. मग मी तिथली माती आणू लागले, पदराच्या टोकाला बांधून. टेकडीचा लाल मुरूम, नाल्याकाठची पिवळी माती, दिवाळीला भिंती पोततात ती पांढरी छुई. मोठ्या रस्त्याच्या कडेला मँगनीजच्या ट्रकांतून सांडलेला काळा चुरा. मलाजखंडला बहिणीकडे गेले होते, तिथल्या माळावर फिरताना हिरवट खडे सापडले, तेही घेऊन आले.

ते खडे मी पाट्यावर वाटले आणि घरात रणकंदन झालं. "दगडं वाटून राह्यली पाट्यावर! आता चटनीत का दगडं खाऊ मी?" सासूबाई ओरडल्या. मी म्हटलं, पाटा धुऊन देते. त्यांनी तो स्वतःच धुतला, पुन्हा धुतला, मला चांगलं दिसेल अशा जागी बसून धुतला.

पोळा जवळ आला होता. बैलांचा मेळा आटोपून पोळा फुटला की गावातल्या बैलजोड्या दारोदार येतात, त्यांना ओवाळायचं, पुरणपोळी चारायची. सारं गाव दारात येतं, म्हणून घरापुढच्या छपरीची भिंत आधी नवी करायची असते. मी म्हटलं, या वेळी भिंत मी करते, माझ्या मातीने.

सासूबाईंनी भिंत वरून खालपर्यंत बघितली. मग म्हणाल्या, "कर. पन लोकं हासले त तुयं फिरनं बंद. मंग घरीच राहाचं."

मी तावातावाने "हौ" म्हणून बसले. चालणं गेलं तर दिवसभरात माझं असं काय उरणार होतं?

मी मोर काढला नाही, वेलबुट्टी काढली नाही. फक्त माझी वाट काढली, उंबरठ्यापासून नदीपर्यंत, जिथली जागा तिथलीच माती घेऊन. चढावर दम लागतो तिथे मुरूम जाड थापला. जंगलाच्या कडेने मी हळू चालते, तिथे मलाजखंडचा हिरवा आणि रस्त्यावरचा काळा उसना घेतला आणि बोटांनी हळूहळू पुसत नेला. नदी पांढऱ्या छुईची, भिंतीच्या खालच्या अंगाला, चांगली ऐसपैस. माती धरून राहावी म्हणून तिच्यात भाताची पेज कालवली. आमच्याकडे पेज रोज असतेच.

पोळ्याच्या दिवशी लोक आले आणि भिंतीपुढे थांबले. कुणी हसलं नाही. शेजारचे काका मुरमाला बोट लावून म्हणाले, "हे त आपल्या टेकडीची हाय!" मी आरतीचं ताट हातात घेऊन इतकी ताठ उभी राहिले की पाठ दुखायला लागली.

तेवढ्यात त्यांच्याच बैलाने मान खाली घातली आणि नदीवरून जीभ फिरवली. एकदा नाही, चांगली चवीने. आमच्या घरच्या पेजेत पिण्यासाठी मीठ आधीच पडतं आणि मी तीच पेज मातीत ओतली होती! काका कासरा ओढेपर्यंत काठासकट अर्धी नदी त्याच्या पोटात गेली होती.

"लो, बैल नदी पी गया!" मागून एक पोरगी ओरडली आणि सगळी गर्दी खदाखदा हसली.

माझे डोळे भरून आले. लाज वाटली त्यापेक्षा राग आला, बैलाचा, पेजेचा, माझ्या त्या "हौ"चा. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या खाटेवरून गुडघे धरत उठल्या. आता सगळ्यांसमोर सांगतील, फिरणं बंद, असं वाटलं.

"हासता काहून?" त्या गर्दीवर कडाडल्या. "सकायपासून नटून उभा हाय तो. तहान लागली, नदी दिसली, पेला. बैलाले समजली नदी, तुमाले नाई समजत?"

लोक आणखी हसले, पण आता माझ्यावर नाही. काकांनी तर बैलाच्या पाठीवर शाबासकीची थाप दिली. मी त्याच बैलाला आधी ओवाळलं.

चाटलेली जागा मला भरायची होती. सासूबाईंनी भरू दिली नाही. खैरलांजीहून नातेवाईक आले की त्याच त्यांना भिंतीपुढे नेतात आणि बैलापासून गोष्ट सुरू करतात. मीठ माझं, चूक माझी, पण ऐकताना मला भारी अभिमान वाटतो.

परवा चालून आले तर सासूबाई भिंतीला हात टेकून उभ्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना छपरीच्या पुढे जाता येत नाही, हे मी रोज बघत होते. त्यांचं बोट उंबरठ्यापासून निघून टेकडी चढलं, जंगलाची कड धरून नाल्यापाशी आलं आणि जिथे माझी वाट नदीकडे वळते तिथे न वळता कोऱ्या भिंतीवर गेलं.

"उद्या या अंगानं जाय," त्या म्हणाल्या. "तिकडची माती आन माह्यासाठी. लय वर्सं झाले, नाई पाह्यली मी."